उन्हाकडे पाठ केलेल्या मायलेकी

त्या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा वर जात नव्हता. कॅमेरा डोळ्याला लावायचा म्हणजे डाव्या हातानं उजवं कोपर खालून उचलायचं आणि श्वास रोखून बटण दाबायचं. डॉक्टरांनी दोन महिने आराम सांगितला होता. ऐन लग्नसराईत तो कुठून मिळणार? मी सकाळी गोळी खायची, खांद्याला बाम चोळायचा आणि बॅग उचलायची. घरी आले की पलंगावर पडल्यापडल्या वाटायचं, पुढच्या वर्षी बंद. असं मी पाच-सहा वर्षं म्हणत होते.

मी चंद्रपुरात लग्नांचे फोटो काढते. तीस वर्षं होत आली. वडील माजरीला कोळसा खाणीत होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी बसले, तेव्हा त्यांच्या ओळखीनं चंद्रपूरच्या एका फोटो स्टुडिओत लागले. स्टुडिओचे मालक मुसलमान, वयानं वडिलांएवढे. आख्खा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे मुसलमान घरांतली लग्नं बरीच यायची आणि तिथं बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे. त्यांना बाई हवी होती. कॅमेरा येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. काठोकाठ भरलेला पेला हातात दिला आणि समोरच्या टेलरच्या दुकानापर्यंत न सांडता जाऊन यायला सांगितलं. मी जाऊन आले. चाचा म्हणाले, "उद्यापासून ये."

त्यांनी मला जे शिकवलं त्यातलं निम्मं रोल आणि डार्करूमचं होतं, ते काळाबरोबर गेलं. एक नियम मात्र राहिला. "सूरज अपनी पीठ पे, बेटा. माणूस सूरजच्या समोर." बाहेर कुठंही गेलं की आधी सूर्य कुठं आहे ते पाहायचं, त्याच्याकडे पाठ करायची आणि मग कॅमेरा उघडायचा. उजेड माणसाच्या तोंडावर पडला पाहिजे.

हा नियम मी एकदाच मोडला होता, तोही नकळत. मला लागून दोन महिने झाले असतील. भद्रावतीला एका लग्नात नवरी खिडकीत बसली होती. तिच्या मागून ऊन येत होतं, ओढणीच्या कडेनं बारीक पिवळी रेघ पेटल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, असं आपण कधी पाहिलंच नव्हतं. मी सगळा रोल तिथंच संपवला. रोल धुऊन आला तेव्हा खिडकी पांढरी फटक होती आणि तिच्यात एक काळी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत. चाचा स्वतः त्या घरी जाऊन माफी मागून आले. परत येऊन त्यांनी निगेटिव्ह माझ्यासमोर ठेवल्या. आवाज चढवला नाही. म्हणाले, "लोक आपल्या माणसाचं तोंड पाहायसाठी फोटो काढतात. तू तर त्या पोरीचं तोंडच काळं केलं."

त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. त्यानंतर सूर्य माझ्या पाठीवर राहिला. एप्रिल-मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन तीस वर्षं पाठीवर घेतल्यावर मानेचं कातडं कसं होतं, ते माझ्याकडे पाहिलं की कळतं.

आता जमाना उलटा झाला आहे. लग्नाआधी तलावावर फोटो काढायला येणारी जोडपी मोबाइल पुढं धरतात. त्यात दोघांच्या मधून सूर्य बुडत असतो आणि दोघंही काळी. "मॅडम, असा पाहिजे." मी तसा काढून देते. त्यात माझं मन कधी लागलं नाही. त्या पोरांना चेहरे असतात, चांगले हसरे, आणि ते झाकून मी काय करते आहे, असं मनात येतंच.

मग एका नर्सचा फोन आला. चंद्रपुरात एका दवाखान्यात नोकरी करणारी मुलगी. लग्न तिचं स्वतःचंच, पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या तिच्या गावात. "मॅडम, मले बाईच पाहिजे फोटोले," ती म्हणाली. मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, दुसरी एक चांगली मुलगी आहे, तिचा नंबर देते.

"माझी आई फोटोत येत नाई," ती म्हणाली. "कोणाच्याच नाई. मी सहावीत होती तवा मोहफुलं वेचाले गेली अन् अस्वलानं धरलं. चेहरा गेला तिचा. तुमी वयानं मोठ्या आहा. तुमी म्हटलं तर एखादवेळी येईन."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढीही नव्हती, हे एक कारण असावं.

लग्न सकाळचं होतं. मांडव घराच्या पुढच्या अंगणात, पूर्वेकडे तोंड करून. वंदना झाली, पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या नवरीनं आणि नवऱ्यानं एकमेकांना हार घातले. मी सूर्य पाठीशी घेऊन मांडवाच्या कडेकडेनं सरकत राहिले. नवरीच्या शेजारी तिची काकू उभी होती. आई कुठंच नव्हती. प्रत्येक फोटोच्या वेळी नवरी घराच्या दाराकडे पाहायची, आणि मग मला ते फोटो पुन्हा काढावे लागायचे.

दुपारी पंगती उठल्या. मी जेवले नाही, उन्हानं अन्न नको झालं होतं. चार वाजता एक गोळी खाल्ली, पाचला दुसरी. पाठवणीला अजून अवकाश होता, नवऱ्याकडची माणसं मांडवात लवंडली होती. कुठंतरी टेकायला मिळावं म्हणून मी घरातून मागच्या दारानं बाहेर पडले.

मागं चुली मांडल्या होत्या. भाताचे मोठे गंज पालथे घालून ठेवलेले. त्यांच्यापलीकडे एक बाई राखेनं परात घासत बसली होती, डोक्यावरून पदर इतका पुढं ओढलेला की हनुवटीच तेवढी दिसत होती. तिनं मान न वळवता माझ्या पायांकडे पाहिलं.

"फोटोवाल्या बाई ना तुमी? बसा. लय दमल्या दिसून राह्यल्या."

मी तिथल्या धुण्याच्या दगडावर बसले. ती उठून आत गेली आणि मठ्ठ्याचा पेला घेऊन आली. पेला देताना तिनं तोंड बाजूला केलं. मी पेला एका दमात रिकामा केला. तिनं न विचारता पुन्हा भरला.

"जेवल्या नाई तुमी," ती म्हणाली. "मी पाह्यत होती दाराच्या फटीतून. खांदा दुखून राह्यला ना? सारख्या धरता."

दिवसभरात हे दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही मांडवात नाही आल्या."

"मले नको. लेकरं भेतात. शुभ दिवशी कायले?"

मी तिला आग्रह केला नाही. मोठ्या मनानं केला नाही असं नाही. तोंड उघडायचाही कंटाळा आला होता. मनातल्या मनात मी त्या मुलीची माफी मागितली आणि दगडावर बसून राहिले.

तेवढ्यात नवरी मागच्या दारातून आली. आता निघायचं म्हणून आईला भेटायला आली असणार. आई परातीवरून उठली, राखेचे हात लुगड्याला पुसले आणि दोघी चुलींच्या पलीकडे मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. पश्चिमेला कापलेलं शेत, त्याच्या टोकाला जंगलाची काळी ओळ आणि तिच्यावर दोन हात सूर्य. परतणाऱ्या गुरांच्या पायांची धूळ हवेत उभी होती. दोघींच्या मागून तो सगळा उजेड माझ्या डोळ्यांत येत होता. नवरीची पांढरी साडी कडांनी पेटली होती. आईचा जुनेर पदर इतका झिरझिरीत होता की त्यातून ऊन आरपार येत होतं, आणि आतल्या डोक्याची गोलाई, कानाची पाळी, विस्कटलेले चार केस दिसत होते. चेहरा मात्र काळोखात.

नियमाप्रमाणे मी उठायला हवं होतं. वळसा घालून त्यांच्या पलीकडे जायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा. मला उठवलं नाही. मी बसल्या जागेवरून हाक मारली.

"बाई, एक विचारू? इथून फोटो काढला तर तुमचा चेहरा येणार नाही. काळा येईल. दोघी दिसाल, पण चेहरा नाही. काढते, तुम्ही पाहा. नको वाटला तर तुमच्यासमोर पुसते."

नवरी आईकडे पाहत राहिली. आई जागची हलली नाही.

बसल्यामुळे कोपर गुडघ्यावर टेकलं होतं, म्हणून डावा हात मोकळा राहिला. तो मी लेन्सवर आडवा धरला, नाहीतर ऊन सरळ आत घुसून सगळं पांढरं करतं. चेहऱ्यांवरच्या उजेडाचं माप घ्यायचं सोडून मी आकाशाचं माप घेतलं. तीस वर्षांत जे जे चुकीचं म्हणून टाळलं ते सगळं ठरवून केलं, आणि बटण दाबलं.

पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा आई खाली बसून, अगदी जवळ येऊन पाहू लागली. तिचा एकच डोळा चांगला होता, हे तिच्या मान तिरकी करण्यावरून मला कळलं.

"हे मी आहो?"

"तुम्हीच."

"बारीक दिसून राह्यली मी," ती म्हणाली, आणि नवरी एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली.

आई परत जाऊन उभी राहिली. या वेळी तिनं डोक्यावरचा पदर स्वतःच खांद्यावर घेतला. मी एकामागून एक फोटो काढत गेले. तिनं नवरीच्या केसांतलं फूल नीट केलं, गालाला हात लावला, आणि ते करताना ती बाजूला वळली. आता तिच्या चेहऱ्याची कड उजेडावर आली. कपाळ सरळ खाली उतरत होतं आणि नाकाच्या जागी काहीच नव्हतं, थेट ओठ. माझं बोट थांबलं. काळ्या आकृतीत चेहरा लपतो हे मी तिला सांगितलं होतं; कड लपत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. तरीही मी तो फोटो काढला आणि लगेच तिला दाखवला, कारण लपवला असता तर मला झोप आली नसती.

पदर पुन्हा पुढं ओढून तिनं तो बराच वेळ पाहिला.

"हे बी मीच," ती म्हणाली. "राहू द्या. पण हा पोरीलेच द्या. बाकीच्याईले नाई."

मी शब्द दिला. बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला आणि नवरी डोळे पुसत पुढं गेली. आई मागंच राहिली. मी जाताना तिनं वर्तमानपत्रात बांधून बुंदी दिली.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. पुढं मी घोळ घातला.

लग्नाचे सगळे फोटो मी अल्बम बनवणाऱ्याकडे दिले. कामाचा चांगला माणूस, वर्षानुवर्षांचा ओळखीचा. घाईत होते, खांद्याला सुई टोचून घ्यायला जायचं होतं. मागच्या अंगणातल्या फोटोंना हात लावू नको, आणि बाजूच्या कडेचा तो एक फोटो वेगळा ठेव, एवढं सांगायचं मी विसरले. आठ दिवसांनी त्यानं मला दुकानात बोलावलं. कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुमचे दहा-बारा फोटो पार अंधारात गेले होते. तुमच्याकडून असं कधी होत नाही. मी चेहरे काढून दिले बाहेर. पाहा."

त्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला. आताच्या कॅमेऱ्याच्या अंधारात बरंच काही दडलेलं असतं, ओढलं की बाहेर येतं. सोनेरी धूळ गेली होती, आकाश राखाडी झालं होतं, आणि आईचा चेहरा समोर होता. डावा डोळा शिवून मिटलेला, गालाचं मांस हनुवटीकडे ओढलेलं, नाकाच्या जागी दोन भोकं. त्या संध्याकाळी उन्हानं माझेच डोळे दिपले होते; मीही तिचा चेहरा पाहिला नव्हता. तो मला असा, दुकानात, एसीच्या गार हवेत दिसला.

अल्बमवाला म्हणाला, "बापरे, यांना काय झालं?" मग त्यालाच वाटलं असावं, म्हणाला, "थोडं साफ करू का? नाक बसवून देतो. येतं करता."

मी त्याच्यावर ओरडले. तो गोंधळला. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. मी खुर्चीवर बसून त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्यासमोर उजळलेले फोटो पुसले आणि मूळचे काळे परत लावले. बाजूचा फोटो मी वेगळा छापून पाकिटात घेतला.

त्याच आठवड्यात मी चाचांकडे गेले. स्टुडिओ बंद होऊन वर्षं झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरात पलंगावर बसून असतात. अल्बमातला मायलेकींचा काळा फोटो मी त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो उजेडाकडे नेला, जवळ आणला, लांब धरला.

"गलत आहे," ते म्हणाले. "तोंड कुठी आहे?"

मी सगळी हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले. मग पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाले, "आकाश थोडं जळालं, पांढरं पडलं. हाताची बोटं साफ आली." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. बरं की वाईट, ते काही बोलले नाहीत. मला वाटत होतं त्यांनी बोलावं. चहा पिऊन मी निघाले.

अल्बम एसटीनं पार्सल करता आला असता. मी स्वतः घेऊन गेले, कारण एक गोष्ट तोंडानं सांगायची होती. नवरी सासरी होती, तिचा नवरा येऊन अल्बम नेणार होता. आई घरी एकटीच होती, मागच्या अंगणात मोहाच्या टोऱ्या, तेलाच्या बिया, फोडत बसलेली. लेकीला द्यायचं पाकीट मी तिच्या हातात दिलं आणि अल्बमवाल्याकडे काय झालं ते सांगितलं. माझ्या विसरण्यामुळे झालं, हेही सांगितलं.

तिनं टोरी दगडावर ठेवली, वरून दगड मारला.

"म्हणजे तुमी पाह्यला चेहरा."

"हो."

"अन् त्या माणसानं बी."

"हो. त्यानं पुसून टाकला. कुणाकडे नाही आता."

"भेल्या का?"

"नाही."

"खोटं नका बोलू बाई."

"थोडी भ्याले," मी म्हटलं.

ती हसली. पदराच्या आतून आलेलं ते हसू मला अजून ऐकू येतं. "मी तं आरशात रोज भेतो," ती म्हणाली. मग टोऱ्या फोडता फोडताच म्हणाली, "सांगाले आल्या थे बरं केलं. न सांगता बी चाललं असतं तुमचं."

तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, तुरीचं वरण आणि लसणाची चटणी. जेवताना ती माझ्या समोर बसली, शेजारी नाही. पदर होता, पण घास घेताना तो बाजूला होतच होता आणि तिनं तो प्रत्येक वेळी ओढून घेतला नाही. मीही ताटात पाहत राहिले नाही.

नवऱ्याकडच्या मंडळींनी त्या फोटोंना नाकं मुरडली, असं नवरीनं नंतर फोनवर सांगितलं. एक काका म्हणाले, एवढा अल्बम केला आणि नवरीची आईच काळी? बाजूचा फोटो तिनं कुणाला दाखवला नाही, कपाटात साड्यांखाली ठेवला आहे.

वर्षभरानं तिला मुलगी झाली. मूल सहा-सात महिन्यांचं झालं तेव्हा तिनं मला चंद्रपूरच्या भाड्याच्या खोलीवर बोलावलं. तोवर मी लग्नं कमी केली होती, खांदा पुरता सुधारला नव्हता, आणि भर दुपारचे दोन जिने चढून मला दम लागला होता. दार तिच्या आईनं उघडलं. डोक्यावर पदर नव्हता. कडेवरच्या नातीनं तो मुठीत धरून खाली ओढला होता आणि ती आजीचा मिटलेला डोळा बोटानं चाचपत होती, जसं कुठलंही पोर समोरचं तोंड चाचपतं.

"या," ती म्हणाली. "नळ यायची वेळ झाली, मी बादल्या लावतो. तवर हिले धरा."

मी कॅमेरा नेला नव्हता. मी नातीला घेऊन पंख्याखाली बसले. आतून बादल्यांचा आवाज येत होता आणि ती मोठ्यानं सांगत होती की या शहरात एक दिवसाआड पाणी येते, त्यातबी गढूळ, लोक कसे राहतात कोणास ठाऊक.